बुवांची पांढरी चार

आमच्या वाड्यावरच्या भजनी मंडळाचे बुवा पांढरी चारमध्ये गातात, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

मंडळात कित्येक वर्षं पेटी माझ्याकडे होती. बुवा गात, आणि मी त्यांच्या मागून साधारण अर्ध्या मात्रेच्या अंतरानं येत असे. मी त्याला साथ म्हणायचो, टाळकरी पाठलाग म्हणायचे. तरी सगळं सुरळीत चाललं होतं. मग बारावीतला एक मुलगा पेटी वाजवू लागला. तो बुवांच्या बरोबर वाजवायचा, म्हणजे अगदी त्याच क्षणी. एवढंच नव्हे, बुवा ओळ विसरले तर पुढे जाऊन त्यांच्यासाठी थांबायचा. मंडळाची बैठक बसली. आमची गोव्यातल्या पेडण्याची माणसं फार सभ्य, 'तुम्ही पेटी सोडा' असं कुणी म्हणालं नाही. अध्यक्ष म्हणाले, "आता फ्यूजनचा जमाना आहे. शेजारच्या मंडळानं कीबोर्ड घेतला. आपण गिटार आणू. भाई, ती तुम्ही वाजवा. तुमचा सूर पक्का आहे."

माझा सूर पक्का असल्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

गिटारची मला हौस नव्हती असं नाही. १९८८ साली 'कयामत से कयामत तक' आला, तेव्हा माझ्या वयाच्या सगळ्या पोरांनी केस वाढवायचे आणि गिटार घ्यायची, असं एकाच आठवड्यात ठरवलं होतं. केस वाढवायला पैसे पडत नव्हते, त्यामुळे तेवढंच झालं. आता केसही गेले होते. तेव्हा गिटार घ्यायला हरकत नव्हती.

पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एका मित्राकडे साधी, पोकळ पोटाची गिटार पडून होती. कुणी गोरा भाड्याच्या बदल्यात ठेवून गेला होता. ती घेऊन मी एकादशीला बसलो. एका बाजूला पखवाज, दुसऱ्या बाजूला तबला, आणि मंडपभर टाळ. त्यात माझी गिटार कुणालाही ऐकू आली नाही. मलाही नाही. माझ्या वादनाला त्या रात्री मिळाली तेवढी दाद पुन्हा कधी मिळाली नाही. पण अध्यक्षांचं म्हणणं पडलं की वाद्य आणलंय तर ते ऐकू यावं. म्हणून इलेक्ट्रिक.

आता पांढरी चारकडे येतो. पेटीवरची पांढरी चार म्हणजे गिटारवाल्यांचा एफ. पेटीवर ती एका बोटानं वाजते, लहान मूलही वाजवतं. गिटारवर एफचा कॉर्ड धरायचा तर तर्जनी आडवी टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या, आणि उरलेल्या बोटांनी तिच्या पुढ्यात वेगवेगळ्या तारांवर जागा धरायच्या. हे सगळं पहिल्या पट्टीवर, जिथे तारा सगळ्यांत हट्टी असतात. गिटार शिकायला बसलेली बरीच माणसं एफपाशी येऊन गिटार विकून टाकतात. राहिलेल्यांपैकी बरेचजण आपल्याला एफ येत नाही हे शिताफीनं लपवतात. माझ्या एफमधून सहापैकी दोन तारा वाजायच्या आणि चार 'टप् टप्' करायच्या. पखवाजवाला म्हणाला, "माझं काम तुम्ही का करता?"

मी बुवांना गाठलं. म्हटलं, "बुवा, एखाद्या दिवशी पांढरी तीन घेऊन बघायची?"

बुवांनी पानाचा डबा बंद केला. "तुझ्या बोटांसाठी मी माझा गळा खाली आणू?"

तेव्हा दोष बोटांचा नाही, गळ्याचा तर नाहीच नाही, दोष गिटारच्या नेकचा, म्हणजे दांड्याचा आहे, असं मी जाहीर केलं. हाताला सोसेल अशी नेक मिळाली की एफ आपोआप वाजेल. एकदा हे ठरल्यावर मला फार बरं वाटलं. योग्य नेकचा शोध संपेपर्यंत रियाज करायची गरज उरली नव्हती.

गावात सल्ला देणाऱ्यांची वाण नव्हती, गिटार बघितलेल्यांची होती. त्याला इतिहास जबाबदार आहे. शापोरा नदीच्या अलीकडे आमचं चोपडे, पलीकडे शिवोली. पूर्वी फेरीबोट होती, आता पूल आहे. पलीकडचा बार्देस १५४३ पासून पोर्तुगिजांकडे होता. तिथे चर्चच्या शाळांतून पोरांना अक्षरओळखीच्या जोडीनं सोल्फा शिकवत आणि व्हायोलिन हातात देत. आमचं पेडणे त्यांच्या हाती लागलं ते १७८८ साली, नव्या काबिजादीत. तोवर आमच्या हातात टाळ आणि पखवाज घट्ट बसले होते आणि रात्री दशावतारात जात होत्या. त्यामुळे पलीकडे शिवोलीत रेमो फर्नांडिस १९८४ साली घरच्या घरी 'गोअन क्रेझी' हा अल्बम ध्वनिमुद्रित करतो, २००७ मध्ये पद्मश्री होतो, आणि अलीकडे मी पांढरी तीनसाठी बुवांच्या पायऱ्या झिजवतो.

थोरल्या काकांना बातमी लागली. ते ओसरीवरूनच म्हणाले, "गिटार? देवळात? फिरंगी वाद्य ते."

"काका, पेटीसुद्धा फ्रान्सकडून आलेली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदी घातली होती."

"मग?"

"१९७१ मध्ये उठवली."

"बरं. गिटारवरची उठली की मला सांग."

मग आला माझा भाचा. हा पर्वरीला कॉम्प्युटरवर काम करतो. त्याला गिटार वाजवता येत नाही, त्यामुळे त्याला गिटारबद्दल सगळं माहीत आहे. त्यानं एक तक्ता करून आणला. त्यात एवढे रकाने होते की आडवा कागद आणखी आडवा करावा लागला.

"मामा, नेकचा आकार कुठला हवा? सी, डी, यू की व्ही?"

"कमी दुखणारा."

"तसा आकार नसतो."

ही अक्षरं म्हणजे नेक मधोमध कापली तर दिसेल तो घाट. सी गोलसर, डी पाठीला जरा सपाट, यू दांडगी, व्हीला मागून कणा. जुन्या पद्धतीच्या दांडग्या नेकची जाडी पहिल्या पट्टीपाशी २३ मिलिमीटरच्या आसपास भरते, नेहमीची २१, आणि वेगानं वाजवणाऱ्यांसाठी जपानी लोक करतात ती १९ किंवा त्याहून कमी. म्हणजे सगळं भांडण चार-पाच मिलिमीटरचं. पण या चार-पाच मिलिमीटरवर जगात जेवढी चर्चा होते तेवढी आमच्या पंचायतीत रस्त्याच्या रुंदीवरही होत नाही. मग नेकची लांबी. फेंडरच्या तारेची मोजणी साडेपंचवीस इंच, गिब्सनची पावणेपंचवीस. लांब असली तर पट्ट्या लांब लांब, तारा ताठ. आखूड असली तर पट्ट्या जवळ, तारा मऊ. मग फळीचा बाक. फेंडरच्या जुन्या गिटारींना सव्वासात इंच त्रिज्येचा, म्हणजे चांगलाच गोल, गिब्सनला बाराचा, आणि वेगवाल्यांना जवळजवळ सपाट. गोल फळीवर कॉर्ड धरायला बरं, सपाट फळीवर तार ओढायला बरं.

"तुम्हाला तार ओढायची आहे का मामा?"

"मला तार दाबायची आहे."

"पट्ट्या किती? २१, २२ की २४?"

"मला पहिल्या तीन पुरतात."

"तीन पट्ट्यांची येत नाही." त्यानं खरोखरच तसं लिहून घेतलं. मग फूटपट्टीनं माझा हात मोजला, आकडा तक्त्यात घातला, बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मामा, तुमची करंगळी तक्त्यात बसत नाही."

त्या तक्त्यातल्या एकाच माहितीनं मला धीर आला. १९५४ सालची स्ट्रॅटोकास्टर, जिच्या नकला आज जगभर होतात, ती करणारा लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, आणि त्याला गिटार वाजवता येत नव्हती. आधीच्या टेलिकास्टरच्या कडा बरगड्यांत घुसतात अशी वादकांची तक्रार होती. यानं ऐकून घेतलं आणि कडा गोलावल्या, पोटाशी खोलगट केलं. स्वतःला येत असती तर 'मला नाही कधी टोचलं' म्हणाला असता. आमच्याकडे नळ दुरुस्त करायला येतात ते सगळे तसंच म्हणतात.

लाकडाची गोष्ट म्हणून सुतारकाम करणाऱ्या मेस्तांना बोलावलं. भाच्याच्या मित्राची गिटार त्यांच्यासमोर ठेवली. मेस्तांनी ती उलटी केली, एक डोळा मिटून दांड्यावरून नजर टाकली आणि फळीला अंगठा लावला. "ही शिसव." 

"हो. आपल्याकडची शिसव गिटारींसाठी परदेशात जाते."

"गेली सडपातळ फळी होऊन, आली एवढ्या किमतीची होऊन," मेस्त म्हणाले. "माझ्या आजोबानं यात पलंग केले. कुणी विचारायला आलं नाही."

मी नेकच्या आतली पोलादी सळी दाखवली. तारांच्या ताणानं नेक पुढे वाकते म्हणून आत सळी घालतात आणि टोकाच्या नटाला चावी लावून ती सरळ करतात. मेस्तांना हे मुळीच आवडलं नाही. "लाकडात लोखंड? म्हणजे लाकडावर भरवसा नाही." मग त्यांनी मागचे चार स्क्रू बघितले, ज्यांनी फेंडर पद्धतीची नेक धडाला जोडलेली असते. त्यांचा चेहरा उजळला. "अहो भाई, मग अडलंय कुठे? चार स्क्रू काढतो, रंधा मारतो, संध्याकाळपर्यंत बारीक करून देतो." मित्राची गिटार आहे हे सांगेपर्यंत त्यांनी मुलाला रंधा आणायला पिटाळलं होतं. मुलाच्या मागे भाचा धावला. त्या दिवसानंतर तो मित्र आमच्याकडे गिटार आणत नाही.

शेवटी म्हापशाला एका दुकानात गेलो. शुक्रवार होता, बाजाराचा दिवस, त्यामुळे एका हातात चोनकाची पिशवी होती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "अंकल, मुलासाठी?"

"माझ्यासाठी."

"ओके अंकल," तो म्हणाला, आणि महागड्या गिटारींपासून मला दोन पावलं दूर घेऊन गेला.

गिटारच्या दुकानात एक फार अवघड गोष्ट करावी लागते. वाजवून बघावं लागतं. आजूबाजूला पाच-सहा पोरं उभी असतात, आणि प्रत्येकाला 'होटेल कॅलिफोर्निया'ची सुरुवात येत असते. मला दोन तारांचा एफ येत होता. बाजारात नारळ घेताना करतात तशी मी गिटारच्या पाठीवर टिचकी मारली आणि कान लावला. भरीव लाकूड ते, 'टक्' एवढंच म्हणालं. मी जाणकारानं मान डोलवावी तशी डोलवली. मुलगा म्हणाला, "द्या अंकल, मी वाजवून दाखवतो." त्यानं जे काही वाजवलं त्यात त्याची बोटं दिसत नव्हती. "बघा, किती स्मूथ नेक आहे." नेक स्मूथ होती यात शंका नाही. त्याच्या हातात आमच्या पडवीचा वासाही स्मूथ वाजला असता.

मग मी एकेक हातात घेऊ लागलो. एक वजनाला चार किलोंच्या वर गेली. सुंदर होती, पण भजन पहाटेपर्यंत चालतं. एकीचं धड इतकं हलकं आणि डोकं इतकं जड, की पट्टा अडकवून हात सोडला तर नेक जमिनीकडे नमस्काराला जायची. डावा हात तिला उचलून धरण्यातच संपे. एकीच्या नेकला आरशासारखं चकचकीत पॉलिश होतं, हात लोण्यावरून सरकावा तसा सरकत होता. घेणारच होतो. तेवढ्यात ध्यानात आलं की दुकानात एसी आहे, आणि आमच्या देवळात नाही. बाहेर उन्हात पाच मिनिटं उभं राहून हात घामेजवून आलो आणि पुन्हा धरली. तळवा चिकटला तो सुटेना. आपल्या हवेत मॅट नेक बरी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तक्त्यातही नव्हतं.

खरी अडचण पुढे होती. जगातल्या सगळ्या गिटारी बसून किंवा उभं राहून वाजवायला केल्या आहेत. बसून म्हणजे खुर्चीवर. आमचं भजन सतरंजीवर, मांडी घालून चालतं. मांडी घातली की गिटारचं धड कुशीत कुठे टेकतं, नेक कुठल्या कोनात जाते, यावर फेंडर काही बोललेला नाही. तेव्हा मी चोनकाची पिशवी बाजूला ठेवली आणि दुकानाच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसलो.

होटेल कॅलिफोर्निया थांबलं. मुलगा काउंटरवरून उडी मारून आला. "अंकल! चक्कर आली काय?"

पाणी आणलं गेलं. कुणीतरी पंखा वाढवला. एका सभ्य गृहस्थांनी माझी नाडी बघितली. एवढ्या लोकांची काळजी वाया घालवणं मला जमेना. मी पाणी प्यायलो, 'आता बरं वाटतंय' म्हटलं आणि चोनक घेऊन घरी आलो.

हरमलला एक रशियन आपलं सामान विकून परत चालला आहे, अशी खबर भाच्यानं आणली. आमच्या बाजूला, विशेषतः मोरजीला, रशियन इतके, की दुकानांच्या पाट्या त्यांच्या लिपीत असतात. गेलो. गिटार काळीकुट्ट, चारी बाजूंनी टोकदार, वर कवटी चिकटवलेली. पण नेक! इतकी सडपातळ नेक मी जन्मात धरली नव्हती. एफ लावला, आणि पाच तारा वाजल्या. भाचा टाळ्या वाजवू लागला.

रशियनही खूष झाला. "मेटल?" त्यानं विचारलं.

"नाही. विठ्ठल."

"विट्टल? न्यू बँड?"

"ओल्ड. व्हेरी ओल्ड."

त्यानं आदरानं मान लववली. मी वाळूतच मांडी घालून बसलो. खालचं एक टोक डाव्या मांडीत घुसलं, दुसरं उजवीत. वरचं एक बरगडीत. चौथं टाळकऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर होतं. शिवाय तिला ते फ्लॉइड रोज नावाचं प्रकरण होतं. तारा दोन्ही टोकांना पेचानं आवळून बसवलेल्या, आणि खाली स्प्रिंगांवर तरंगणारा ब्रिज. एक तार तुटली की बाकीच्या पाच एकदम बेसूर होतात, आणि नवीन घालायला खिशात चाव्यांचा जुडगा लागतो. भजन चालू असताना मी चाव्या काढून गिटार खोलत बसलो, तर बुवा पहिल्या अभंगावरून भैरवीवर जातील. रशियनाला मोपाहून विमान पकडायचं होतं. त्यानं भाव पुष्कळ खाली आणला, पण टोकं काही कमी करता येईनात. मेस्तांना फोन करावा असं मनात आलं होतं.

एवढं झाल्यावर मी पूल ओलांडला. शिवोलीला एक वयस्क वादक राहतात. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतून वाजवलं, मग बोटींवरच्या बँडमध्ये जग फिरले, आता घरी. व्हरांड्यात आरामखुर्ची, आत भिंतीला ओळीनं गिटारी. मी तक्ता काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला आणि वारा घ्यायला वापरला.

"कितें जाय तुका?"

मी सांगितलं. पांढरी चार, एफ, मांडी, घाम, करंगळी.

"दोळे धांप," ते म्हणाले.

मी डोळे मिटले. त्यांनी एकेक गिटार माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. बोलायचं नाही, बघायचं नाही, नुसती धरायची. काही जाड होत्या, काही बारीक. काहींचा वास जुन्या कपाटाचा येत होता. आणि मग एक अशी आली की अंगठा पाठीमागे आपोआप जाऊन बसला. वापरानं तिची पाठ गुळगुळीत, पण कोरडी. एफ लावला. सहाच्या सहा तारा वाजल्या. पुन्हा लावला. पुन्हा वाजल्या. मी ओरडलो, "हीच!" आणि डोळे उघडले.

गिटार गुलाबी होती.

फिकट नव्हे. लग्नाच्या पत्रिकेची गुलाबी. ती त्यांच्या नातीची. नात पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडला गेली, गिटार इथेच राहिली. धडावर पाठीमागे फुलपाखराचं चित्र होतं.

"दुसऱ्या रंगात, हीच नेक…"

"दोळे धांपून वाजय," ते म्हणाले.

घरी आणल्यावर भाच्यानं ती मोजली. नेक साधी सी, जाडी नेहमीची २१, लांबी साडेपंचवीस इंच. तक्त्यानुसार ही मला मुळीच सोसणारी नव्हती. त्यानं तीन वेळा मोजली आणि तिसऱ्यांदा तो जरा रडवेला झाला. कारण नंतर त्या म्हाताऱ्या वादकांकडूनच कळलं. नेकच्या डोक्याशी हाडाची किंवा प्लॅस्टिकची एक चिंचोळी पट्टी असते, तिला नट म्हणतात, तिच्या खाचांतून तारा जातात. स्वस्त गिटारीत या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नसतात. तार मिलिमीटरच्या काही हिश्शानं वर राहते, आणि नेमकी पहिल्या पट्टीवर दाबायला ताकद लागते. त्यांनी नातीची बोटं लहान म्हणून खाचा बारीक कानशीनं घासून खाली आणल्या होत्या आणि पातळ तारा, ९ नंबरच्या, घातल्या होत्या. म्हणजे मी, भाचा, मेस्त आणि तो दुकानातला मुलगा एवढे दिवस दोन फूट लांबीच्या नेकवर हुज्जत घालत होतो, आणि दुखणं तिच्या टोकाशी नखाएवढ्या जागेत होतं. भाचा नव्या तक्त्याच्या तयारीला लागला. यात नटाचे आठ रकाने आहेत.

पहिल्या दिवशी घरी अँप लावला. आतून बायको म्हणाली, "अहो, पंप बंद करा. टाकी भरली असेल."

पंप बंद होता. गुणगुणत होती ती गिटार. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली तांब्याची तार, ती तारांची थरथर पकडते आणि घरातल्या विजेचीही. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, ते सगळे हेलकावे ही इमानदारीनं ऐकवते. यावर उपाय म्हणून गिब्सनच्या सेथ लव्हर या माणसानं १९५५ साली दोन कॉइली उलटसुलट जोडून हंबकर केला. नेकच्या मागे लागून मी पिकअपकडे बघितलंच नव्हतं. पण सिंगल कॉइलचा एक गुण असा, की दिशा बदलली की गुणगुण कमी-जास्त होते. मी गिटार घेऊन खोलीत गोल फिरू लागलो. पूर्वेकडे कमी, उत्तरेकडे जास्त. थोरले काका दारात येऊन उभे राहिले. बघत राहिले. मग प्रथमच त्यांच्या तोंडून कौतुक निघालं. "म्हणजे वास्तू कळते हिला."

देवळात मात्र पंचाईत झाली. तिथे सगळ्यांत कमी गुणगुण होणारी दिशा नेमकी देवाला पाठ करून होती. तसं बसणं शक्य नव्हतं. देवाकडे तोंड केलं, आणि अँप घुमू लागला. बुवांनी पहिला आलाप घेतला आणि थांबले.

"हा रिषभ कोण लावतोय?"

सगळ्यांनी पेटीवाल्या मुलाकडे बघितलं. त्यानं हात वर केले. बुवांचा कान खरोखर अजब. ५० हर्ट्‌झचा सूर पांढरी पाचच्या किंचित वर पडतो, आणि पांढरी चारला षड्ज धरला तर पांढरी पाच हा शुद्ध रिषभ. विजेच्या खांबापासून निघालेला, गिटारमधून आलेला रिषभ बुवांनी बसल्या जागी ओळखला. पुढे मी वाजवायचं नसेल तेव्हा आवाजाची चकती शून्यावर ठेवायला शिकलो. मंडळाचा आग्रह आहे की वाजवायचं असेल तेव्हाही ठेवावी.

फुलपाखरावर मी इन्सुलेशन टेप लावली आहे. गुलाबी रंगाला पहिल्या रात्री टाळकरी हसले, दुसऱ्या रात्री बायका जरा जास्त आल्या, तिसऱ्या रात्री कुणी बघितलं नाही. एफ वाजतो. बारावीतला तो मुलगा परवा म्हणाला, "काका, कॅपो का लावत नाही तुम्ही? पहिल्या पट्टीवर चिमटा लावायचा आणि पांढरी तीनचा सोपा कॉर्ड धरायचा. ऐकू पांढरी चारच येते. शंभर-दोनशे रुपयांत मिळतो."

मी त्याला सांगितलं, बारावीचं वर्ष आहे, अभ्यास कर.

तर अशी ही गिटार. कुणाकडे हीच नेक, एवढाच घासलेला नट, आणि काळा, तपकिरी किंवा निदान भगवा रंग असेल, तर अदलाबदलीला मी तयार आहे, वर थोडी रक्कमही देईन. फोनवर 'नेक कशी आहे' विचारू नये, ते सांगता येत नाही. चोपड्याला यावं, सतरंजीवर बसून धरून बघावी. येताना ९ नंबरच्या तारांचा एक संच आणलात तर उपकार होतील. बाजूला आगरवाड्याची मिठागरं आहेत, खाऱ्या वाऱ्यानं तारा गंजायला महिनाही लागत नाही. आणि जून ते सप्टेंबर येऊ नका. त्या दिवसांत नेक ओलाव्यानं हलते, आणि मेस्त रंधा घेऊन घरी बसलेले असतात.